तडतडणारा लॅपटॉप आणि ऐंशी हजारांचं बजेट

प्रश्न : मी अकोल्यात पेटी आणि सुगम संगीत शिकवते. दोन वर्षांपासून आमच्या भजनी मंडळाचे अभंग घरीच रेकॉर्ड करते. माईक लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटांचा यूएसबी इंटरफेस आणि एक कंडेन्सर माईक आहे. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. एका अभंगात पंधरा-वीस ट्रॅक होतात. त्यात पेटी, तबला, टाळ खरे आणि तानपुरा, बासरी, स्ट्रिंग्ज सॅम्पलचे, म्हणजे आधी टिपलेल्या स्वरांतून लॅपटॉपवर वाजणारे. सहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे, आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम. नुसतं ऐकताना काही होत नाही, पण गाण्याचा ट्रॅक रेकॉर्डला लावला की तडतड सुरू होते. बफर वाढवला तर तडतड थांबते, पण हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागाहून येतो. शिवाय चार्जर लावला की बारीक भुणभुण ऐकू येते. ऐंशी हजार जमवलेत. दुकानदार ४ जीबी ग्राफिक कार्डवाला गेमिंग लॅपटॉप घ्या म्हणतो. विद्यार्थ्याचा भाऊ त्याचा २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो, आय९, साठ हजारांना द्यायला तयार आहे. काय घेऊ? आणि जुना विकू का?

उत्तर : आधी मधल्या दोन ओळींबद्दल बोलू. ऐकताना काही होत नाही आणि ट्रॅक रेकॉर्डला लावला की तडतडतं, यातच निम्मं निदान आहे.

४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांवर, बफर (एका घासातले नमुने) १२८ ठेवला तर लॅपटॉपला दर २.७ मिलिसेकंदाला आवाजाचा एक घास तयार करून इंटरफेसच्या हातात द्यावा लागतो. म्हणजे सेकंदाला ३७५ वेळा. यातली एक वेळ जरी हुकली तरी हेडफोनमध्ये 'तड' होतं. तबलजीची तयारी कितीही असो, समेवर आला नाही तर ती वाया जाते. इथेही तसंच आहे. जाहिरातीतले गिगाहर्ट्झचे आकडे हात किती वेगात चालतो ते सांगतात, दर वेळी समेवर येईल का ते सांगत नाहीत.

बफर १०२४ केला की प्रत्येक घासाला २१ मिलिसेकंद मिळतात, म्हणून तडतड थांबते. पण आवाज आत येताना २१ आणि बाहेर जाताना २१, असे बेचाळीसच्या वर मिलिसेकंद जातात. ध्वनी तेवढ्या वेळात हवेतून चौदा-पंधरा मीटर जातो. आपलाच आवाज देवळाच्या दुसऱ्या टोकाहून ऐकत गाण्यासारखं आहे हे, लय ढळणारच.

आता ट्रॅक रेकॉर्डला लावल्यावरच का? रीपर वाजणाऱ्या ट्रॅकचं काम थोडं आगाऊ उरकून ठेवतो. पुढे काय वाजणार ते त्याला माहीत असतं. रेकॉर्डला लावलेल्या ट्रॅकचं तसं करता येत नाही, कारण तुम्ही पुढच्या क्षणी काय गाणार ते त्याला कसं कळणार? तो ट्रॅक, त्यावरचे सगळे प्लगइन (आवाज घडवणारे किंवा बदलणारे छोटे प्रोग्रॅम) आणि पुढे मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, बसवलेले प्लगइन ही साखळी त्याच क्षणी, एकामागून एक चालवावी लागते. एका साखळीचं काम प्रोसेसरच्या चार कोअरमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चार भागांत, वाटून घेता येत नाही. त्यामुळे गाण्याच्या ट्रॅकवर रिव्हर्ब (घुमारा देणारा) आणि मास्टरवर लिमिटर (आवाजाची कमाल पातळी रोखणारा), लिनिअर फेज ईक्यू (जाड-बारीक स्वरांचा तोल साधणारा) लावून ठेवला असेल तर नवा लॅपटॉपसुद्धा रडेल. त्यातून लिनिअर फेज ईक्यू आणि पुढचं पाहून काम करणारा लिमिटर स्वतःचा उशीर वर घालतात. कित्येकदा लोक त्या उशिराचा राग लॅपटॉपवर काढतात.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ जुन्या यंत्राला द्या. जड अभंगाचं प्रोजेक्ट उघडा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा. ८ जीबीपैकी ७ च्या वर भरलेली दिसली तर स्ट्रिंग्जची सॅम्पल रॅममध्ये मावत नाहीत आणि विंडोज त्यांना डिस्कवर ढकलतंय. त्याच पानावर खाली किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. 'दोनपैकी एक' असेल तर ८ जीबीची आणखी एक पट्टी बसते, आणि तुमचा निम्मा त्रास तिथेच संपू शकतो. मग रीपरच्या व्ह्यू मेनूतला परफॉर्मन्स मीटर उघडा आणि गाण्याचा ट्रॅक रेकॉर्डला लावा. 'आरटी सीपीयू'चा, म्हणजे त्याच क्षणी करायच्या कामाचा, आकडा उसळून वर गेला तर साखळी जड आहे. मास्टरवरचे प्लगइन एकेक बंद करत जा, कुठल्याने आकडा पडतो ते लगेच दिसेल. आकडा निवांत असूनही तडतड होत असेल तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा, म्हणजे वायफायसारखा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. तो प्रोसेसर अडवतो का ते दाखवणारं लेटन्सीमॉन नावाचं मोफत साधन आहे. ते दहा मिनिटं चालू ठेवा, मग वायफाय बंद करून पुन्हा दहा मिनिटं. वायफाय बंद केल्यावर लाल पट्ट्या गायब झाल्या तर गुन्हेगार सापडला. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद ठेवा, त्याचा ड्रायव्हर अद्ययावत करा. रीपरमध्ये ऑडिओ डिव्हाइस म्हणून इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर निवडलेला आहे ना, तेही याच वेळी बघून घ्या.

आणि आपलाच आवाज मागाहून येण्यावर तर आजच उपाय आहे. बहुतेक यूएसबी इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण किंवा मिक्सचा खटका असतो. तो चालू केला की माईकचा आवाज लॅपटॉपात न जाता थेट हेडफोनला येतो. रीपरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी येईल. मग बफर खुशाल १०२४ ठेवा. गाणं, पेटी, तबला, टाळ हे सगळं असं रेकॉर्ड होतं आणि त्याला तुमचा आठव्या पिढीचा आय५ पुरून उरतो. स्ट्रिंग्ज आणि बासरीचे ट्रॅक फ्रीझ करून टाका. त्यांचं रूपांतर साध्या ऑडिओत होतं, सॅम्पल रॅममधून बाहेर पडतात.

मग नवा लॅपटॉप हवाच कशाला? मिडी कीबोर्डवर (दाबलेल्या कळांची खबर लॅपटॉपला देणाऱ्या) बोट ठेवल्याबरोबर बासरी वाजायला हवी, यासाठी. इथे डायरेक्ट मॉनिटर उपयोगाचा नाही, कारण आवाजच मुळी लॅपटॉपात तयार होतो. बफर १२८ किंवा फार तर २५६ लागतो आणि त्याच वेळी बाकीचे वीस ट्रॅक वाजत असतात. स्ट्रिंग्ज, बासरी तुम्ही खरंच वाजवून भरत असाल तर खरेदी योग्य आहे. माउसने स्वर मांडत असाल तर रॅमची पट्टी घेऊन वर्षभर थांबायलाही हरकत नाही.

घ्यायचाच म्हटलं तर प्रोसेसरच्या नावाचं शेवटचं अक्षर आधी वाचा. आय५-१३३५यू वर दहा कोअर लिहिलेले असतात आणि आय५-१२४५०एच वर आठ. दुकानात दहावाला मोठा वाटतो. पण त्या दहात ताकदीचे कोअर दोनच, उरलेले आठ वीज वाचवणारे धाकटे. आठवाल्यात ताकदीचे चार. आय७-१३५५यू सुद्धा दोन अधिक आठच आहे, आय७ या नावाला भुलू नका. वरची एकेक साखळी ताकदीच्या कोअरवरच वेळेत पुरी होते, म्हणून या कामासाठी इंटेलमध्ये 'एच' शेपटाचा घ्या. यू चे प्रोसेसर १५ वॅटच्या आसपास चालण्यासाठी बनवलेले असतात, एच चे ४५ च्या. तासभर सतत काम पडलं की हा फरक कळतो.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, बरीच जुनी रचना, आणि कोअर फक्त चार. तो संगीतासाठी घेऊच नका. ७७३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, कोअर आठ. बजेट आखडलं तर हा चालेल. ७७३५एचएस किंवा ८८४५एचएस मिळाला तर उत्तमच.

स्नॅपड्रॅगन एक्सचे विंडोज लॅपटॉप दिसायला देखणे, बॅटरीला दणकट. पण त्यांची रचना एआरएम आहे. त्यांवर नेहमीचे प्लगइन अनुवादाच्या आधाराने चालू शकतात, ड्रायव्हर मात्र खास एआरएमसाठी लिहिलेलाच लागतो. तुमच्या इंटरफेसच्या कंपनीने तो दिलेला नसेल तर लॅपटॉप कितीही वेगवान असो, एएसआयओ चालणार नाही. कंपनीच्या डाउनलोडच्या पानावर एआरएम ड्रायव्हर डोळ्यांनी दिसल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

रॅम १६ जीबी, याखाली नाही. ८ अधिक ८ अशा दोन पट्ट्या असतील तर त्या एकत्र जोरात चालतात. १६ ची एकच पट्टी आणि एक स्लॉट रिकामा असेल तर पुढे ३२ करता येते. दोन्ही चालेल. पण बोर्डावर डकवलेली ८ जीबी आणि स्लॉटच नाही असा लॅपटॉप नको, मग सूट कितीही असो. दुकानदाराला प्रश्न नेमका विचारा : रॅम सोल्डर केलेली आहे का, आणि रिकामा स्लॉट आहे का? 'वाढवता येते' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीच्या तपशिलात बघा. एकाच नावाच्या लॅपटॉपचे चार-चार अवतार बाजारात असतात.

डिस्कबद्दल एक हिशेब. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी घेतो. सहा मिनिटांचा अभंग, आठ माईक ट्रॅक, प्रत्येकाचे पाच टेक धरले तरी दोन जीबीच्या आसपास होतात. जागा खातात त्या सॅम्पल लायब्ऱ्या; एकेक ऑर्केस्ट्रा लायब्ररी ५० जीबीच्या पुढे जाऊ शकते. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि लायब्ऱ्यांसाठी बाहेरची यूएसबी एसएसडी, हे जमतं. जुनी फिरती हार्डडिस्क बॅकअपला ठेवा. तिच्यावरून सॅम्पल वाजवलीत तर पुन्हा तडतड, कारण तिची सुई एका वेळी एकाच जागी जाऊ शकते आणि स्ट्रिंग्जच्या एका स्वरसमूहाला पन्नास ठिकाणचा माल लागतो.

आता दुकानदाराचं ग्राफिक कार्ड. तुमच्या कामात त्याला काही उद्योग नाही. रिव्हर्ब, सॅम्पलर, ईक्यू सगळं प्रोसेसरवर चालतं. उलट वेगळ्या ग्राफिक कार्डाचे ड्रायव्हर मधूनच प्रोसेसर अडवून धरतात आणि लेटन्सीमॉनच्या लाल यादीत बऱ्याचदा त्यांचंच नाव वर असतं. तरी गेमिंग लॅपटॉप सरसकट वाईट म्हणता येत नाही. एच प्रोसेसर, दोन रॅम स्लॉट, गरम हवा बाहेर फेकायला मोठी जाळी, हे सगळं त्यात असतं, आणि सेलमध्ये साध्या लॅपटॉपच्या भावात मिळतो. अडचण पंख्याची. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो आणि रेकॉर्डिंगला छताचा पंखा बंद. त्या खोलीत गेमिंग लॅपटॉपचा पंखा घोंघावत राहील आणि कंडेन्सर माईक तो इमानेइतबारे टिपेल. घेतलाच तर कंपनीच्या अॅपमधून फक्त अंगभूत ग्राफिक्स चालू ठेवा, रेकॉर्डिंगला सायलेंट मोड आणि मोठा बफर लावा, वाजवायला बसाल तेव्हा परफॉर्मन्स मोड. लॅपटॉप माईकच्या बरोबर पाठीमागे, चार-पाच फुटांवर ठेवा. कार्डिऑइड माईक पाठीकडचं सगळ्यात कमी ऐकतो. आणि गादीवर, उशीवर लॅपटॉप नको. खालची जाळी बुजली की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो आणि तिसऱ्या अंतऱ्याला तडतड सुरू होते.

२०१९ चा आय९ मॅकबुक प्रो साठ हजारांना घेऊ नका, हे अगदी स्पष्ट सांगतो. यंत्र त्या काळातलं भारी, पण इंटेल मॅकसाठी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती असल्याचं अॅपलने जून २०२५ मध्येच जाहीर केलं. थोडी वर्षं सुरक्षा अद्यतनं येतील, मग प्लगइन कंपन्या हळूहळू पाठ फिरवतील. शिवाय आय९ तापतो आणि पंखे जोरात फिरतात, म्हणजे गेमिंग लॅपटॉपचाच त्रास, वर बॅटरी सहा-सात वर्षांची.

मॅककडे ओढा असेल तर अॅपलच्या स्वतःच्या एम मालिकेच्या प्रोसेसरची मॅकबुक एअर, १६ जीबीची. तिला पंखाच नाही; माईकच्या शेजारी ठेवली तरी आवाज शून्य. गायकांचं काम करणाऱ्याला याचं मोल फार आहे. ड्रायव्हरची कटकटही कमी, बरेच यूएसबी इंटरफेस जोडले की चालू होतात. एम४ एअर मार्च २०२५ मध्ये भारतात ९९,९०० पासून आली, तेव्हापासून तिच्या मूळ मॉडेलातच १६ जीबी आहे. आधीची एम२, एम३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत मूळ मॉडेलात ८ जीबीची येत होती, त्यामुळे जुन्या साठ्यातली स्वस्त एअर दिसली तर रॅमचा आकडा आधी वाचा. ती नंतर वाढत नाही, कुठल्याच मॉडेलात नाही. ऐंशी हजारांत एम२ किंवा एम३, १६ जीबी, २५६ जीबी मिळाली तर घ्या आणि उरलेल्या पैशांत बाहेरची एसएसडी. वापरलेली घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर यंत्र पुसून नव्याने सुरू करून बघा. आधीच्या मालकाचं खातं मागितलं किंवा 'रिमोट मॅनेजमेंट'चा (यंत्र एखाद्या संस्थेच्या ताब्यात असल्याचा) पडदा आला तर व्यवहार तिथेच थांबवा. बॅटरीची सायकल संख्या, म्हणजे ती किती वेळा पूर्ण वापरली गेली ते, सिस्टीम रिपोर्टमध्ये दिसते. ती १००० सायकलसाठी बनवलेली असते. भर उन्हाळ्यात तासन्‌तास जड काम केलं तर बिनपंख्याची एअरही वेग उतरवते, पण वीस-पंचवीस ट्रॅकच्या अभंगाला ती वेळ सहसा येत नाही.

मॅकवर जाण्याआधी तुमच्या प्लगइनची यादी कागदावर लिहा आणि एकेकापुढे 'मॅकवर आहे का' ते लिहा. रीपरचा परवाना दोन्हीकडे चालतो. बासरी आणि तानपुऱ्याची मोफत प्लगइन मात्र पुष्कळदा फक्त विंडोजची, तीही ३२ बिटची निघतात. जुने अभंग पुन्हा उघडायचे असतील तर ते ट्रॅक आत्ताच ऑडिओ करून ठेवा.

यादीतले सगळे मॅकवर असतील तर आमचं मत १६ जीबीच्या एअरला. दोन-चार लाडके प्लगइन अडत असतील तर विंडोज, एच किंवा एचएस प्रोसेसर, १६ जीबी, ५१२ जीबी, ग्राफिक कार्डाविना. पडदा १४ की १५ इंच, हे तुमच्या डोळ्यांवर सोडतो. यूएसबीच्या खाचा मात्र किमान दोन हव्यात : एक इंटरफेसला, एक मिडी कीबोर्डला. इंटरफेस स्वस्त हबमधून लावू नका, फँटम पॉवर (कंडेन्सर माईकला लागणारी वीज) चालू केल्यावर वीज कमी पडते आणि तो मधूनच गायब होतो.

लॅपटॉप घरी आला की बदलून देण्याची मुदत संपायच्या आत चाचणी उरका. विंडोज असेल तर आधी सगळी अद्यतनं होऊ द्या. ती चालू असताना मोजलेलं काहीच खरं नसतं. 'एस मोड'मध्ये (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अॅप चालू देणाऱ्या) असेल तर रीपर बसणारच नाही. तो मोड सेटिंगमधून फुकट काढता येतो. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'ला, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद. मग तुमचा सगळ्यात जड अभंग, बफर १२८, चार्जर लावून अर्धा तास आणि काढून अर्धा तास. बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग उतरवतात, तेव्हा दुसऱ्या अर्ध्या तासात थोडी कुरकुर चालेल. पहिल्या अर्ध्या तासात तडतड झाली आणि लेटन्सीमॉनही लाल असेल, नवे ड्रायव्हर टाकूनही लाल राहिला, तर परत करा.

चार्जर लावल्यावरची भुणभुण नव्या लॅपटॉपनेही जाईलच असं नाही. चार्जर काढल्याक्षणी ती थांबत असेल तर दोष बहुधा अर्थिंगकडे आहे. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली आणि मुंग्यांसारखं जाणवलं तर संशय आणखी पक्का. त्या खोलीतल्या बोर्डाला अर्थ आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अॅडॉप्टरमधून लावू नका, आणि लॅपटॉप, इंटरफेससोबतचा स्पीकर, सगळं एकाच बोर्डावरून चालवा. अर्थची पिन कापून भुणभुण घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे. तोवर टेक घेताना चार्जर काढून ठेवा.

जुना लॅपटॉप विकून फार येणार नाही. त्यात ८ जीबीची पट्टी टाका आणि मंडळाच्या कार्यक्रमांना न्या. तानपुरा आणि स्ट्रिंग्ज एकत्र करून वेव्ह फाइल काढा, ती रीपरमध्ये एका ट्रॅकवर, बफर १०२४, वायफाय बंद. इंटरफेसच्या दोन आउटपुटमधून एक डाव्याला आणि एक उजव्याला अशा दोन केबल मिक्सरपर्यंत. तानपुरा डावीकडे, स्ट्रिंग्ज उजवीकडे काढल्यात तर मंडपातला साउंडवाला दोन्हींचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करू शकेल.